शिकाऊ पोरं आणि सुटी बार्ली

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या बॅचचं ट्रेनिंग तीन महिन्यांचं होतं. पण तिसऱ्याच आठवड्यात अर्ध्या जणांना क्लायंटच्या प्रोजेक्टवर टाकलं, कारण पोरांना नुसतं बसवून पगार देणं परवडत नाही म्हणे. फार काही बिघडलं नाही, चार बग वाढले इतकंच. हीच गोष्ट समुद्रावर केली तर? ‘पामीर’बद्दल वाचताना हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पामीर हे चार डोलकाठ्यांचं पोलादी मालवाहू जहाज, 1905 साली हॅम्बुर्गमध्ये बांधलेलं. 1949 मध्ये माल घेऊन, शिडांवर केप हॉर्नला वळसा घालणारं ते शेवटचं व्यापारी जहाज ठरलं. 1950 च्या दशकात जर्मनांनी त्यावर भावी अधिकारी घडवायला सुरुवात केली. सोळा-अठरा वर्षांची पोरं, आपल्याकडे अकरावी-बारावीतली!

त्यांचा दिवस घड्याळावर नाही, घंटेवर चालायचा. दर अर्ध्या तासाला घंटा, प्रत्येक वेळी एक टोला जास्त. आठ टोले झाले की चार तासांची पाळी संपली. मग ती मध्यरात्र असो की पहाटेचे चार, पुढच्या पाळीने उठायचं. डेक घासायचा, सुकाणू धरायचं, टेहळणी करायची, वारा फिरला की सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे. सर्वांत उंच डोलकाठी पन्नासेक मीटर, म्हणजे सोळा-सतरा मजली इमारत समजा, आणि तीही डुलणारी. शीड गुंडाळायचं तर वर चढून आडव्या काठीवर पोट टेकायचं, पायाखाली फक्त एक दोर. खलाशांचा जुना नियम असा की एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी.

तुम्ही म्हणाल, पुढे डिझेलच्या जहाजावरच नोकरी करायची, मग हा खटाटोप कशाला? कारण वारा आणि लाट पुस्तकातून कळत नाहीत, आणि शेजारच्या काठीवरच्या पोरावर विश्वास टाकायला वर्गात शिकता येत नाही. मला हे पटतं.

पण शाळेचा खर्च कोण देणार? तो मालाच्या भाड्यातून काढायचा होता. म्हणजे एकाच जहाजाची दोन कामं, शिकवणं आणि कमावणं. 10 ऑगस्ट 1957 ला पामीर ब्युनोस आयरेसहून हॅम्बुर्गकडे निघालं, पोटात सुमारे 3,780 टन बार्ली. थोडी पोत्यांत, बाकी सगळी सुटी. रव्याचा अर्धा भरलेला डबा कलता करून बघा, रवा सगळा एका बाजूला जातो आणि डबा सरळ व्हायचं नाव घेत नाही. म्हणून सुटं धान्य नीट दाबून, अडवून भरावं लागतं. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात.

21 सप्टेंबरला अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला ‘कॅरी’ चक्रीवादळाने गाठलं. जहाज कललं, बार्ली सरकली, आणि ते पुन्हा सरळ झालंच नाही. जहाजावर 86 जण होते, त्यात पन्नासहून जास्त शिकाऊ. वाचले फक्त सहा.

पुढे चौकशीत बार्ली सरकण्यावरच बोट ठेवलं गेलं. त्यावर कुणी शंका घ्यावी, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘पासाट’ या जोडीच्या जहाजातही बार्लीच सरकली. ते कसंबसं लिस्बनला पोचलं. त्यानंतर जर्मनीत शिकाऊ पोरं आणि शिडाच्या जहाजावरचा माल ही जोडी संपली.

आपलं नौदलाचं ‘तरंगिणी’ गोव्यात बांधलं गेलं, 1997 साली सेवेत आलं. त्याचा फोटो बघताना मला आता शिडांपेक्षा एक गोष्ट जास्त भावते: त्याला माल वाहून पैसे कमवायचे नाहीत.

पामीरवरच्या पोरांनी उंचावर एका हाताने स्वतःला धरायचं शिकून घेतलं होतं. पायाखाली काय आणि कसं भरायचं, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्या कंपनीतही ट्रेनीला कोण विचारतो म्हणा! फरक इतकाच, की आमचा रोलबॅक व्हायचा.

असो. सोमवारी नवी बॅच येतेय, त्यांना तीन महिने पूर्ण मिळावेत म्हणून या वेळी मी भांडणार आहे.