चाचणीचा हिशेब

कारखान्यातील दाब किंवा तापमान मोजून नियंत्रण-कक्षाला कळवणारी जुनी उपकरणे झिजत, गंजत आणि त्यांचे आयुष्य अनुभवावरून सांगता येई. परंतु १९८३ मध्ये हनीवेल कंपनीने सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे चिमुकला संगणक, बसवलेला दाबमापक बाजारात आणला आणि पुढे ‘स्मार्ट’ म्हणवल्या गेलेल्या या उपकरणांबरोबर न झिजणारे सॉफ्टवेअर सुरक्षेच्या क्षेत्रात आले. सॉफ्टवेअरमधला दोष पहिल्या दिवसापासून तिथेच असतो, फक्त विशिष्ट परिस्थिती जुळेपर्यंत तो दिसत नाही.

याची भीषण प्रचीती थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दिली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली आणि काहींचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या थेरॅक-२० यंत्रातही तसाच एक दोष होता, पण तिथे स्वतंत्र विद्युत-अटकाव असल्यामुळे रुग्ण बचावत. नव्या यंत्रात हे अटकाव काढून सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला गेला, हा निर्णय अक्षम्यच म्हटला पाहिजे. टेक्सासमधील टायलर येथे रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेच्या मदतीने पुन्हा पुन्हा प्रयोग केले, तेव्हा भरलेली माहिती आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली की घोटाळा होतो, हे उघड झाले. निर्मात्यांच्या अभियंत्याला तो दोष आधी सापडला नव्हता, कारण सरावलेल्या हाताचा वेग त्याच्या चाचणीत नव्हता.

चाचणी प्रत्यक्ष वापरासारखी असली, तरी ती किती करावी हा प्रश्न उरतोच. उपकरण हजार वेळा गरज पडली असता सरासरी फार तर एकदाच चुकेल, असे ९९ टक्के खात्रीने म्हणायचे, तर सुमारे ४,६०० चाचण्या एकही चूक न होता पार पडाव्या लागतात. बेव्ह लिटलवुड व लोरेन्झो स्ट्रिजिनी यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की अब्ज तासांत एक चूक यासारखे दावे केवळ चाचणीने सिद्ध होण्याजोगे नाहीत; अब्ज तास म्हणजे सुमारे १,१४,००० वर्षे.

बाजारातून विकत घेतलेल्या स्मार्ट उपकरणांत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे त्यांची मूळ संहिता, अर्थात आज्ञावलीचा लिखित मजकूर, निर्माता सहसा उघड करत नाही. म्हणून ब्रिटनच्या अणुऊर्जा क्षेत्रात निर्मात्याच्या कार्यपद्धतीची छाननी आणि त्याहून स्वतंत्र असलेली पडताळणी, असे दोन्ही पुरावे मागितले जातात व संख्याशास्त्रीय चाचणी दुसऱ्या पुराव्यात येते. मात्र निर्मात्याने सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती बसवली, की त्या ४,६०० चाचण्यांची गणती काटेकोर हिशेबाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.