विरोध करणाऱ्याचंच नाव

पुण्याच्या मंडईत मी दहा-पंधरा वर्षं जातोय. मेथी, लिंबं, श्रावणात पत्री, गणपतीत केवडा. बाहेरच्या पाटीवर ‘महात्मा फुले मंडई’ असं लिहिलंय आणि फुलेंचा शेतीशी, भाजीपाल्याशी संबंध होता म्हणून त्यांचं नाव दिलं असणार, असं आपल्याला सहज वाटून जातं. खरी गोष्ट बरीच वेगळी आहे. ही इमारत उभी राहू नये म्हणून जे भांडले, त्यांत जोतीराव फुले आघाडीवर होते. ही गोष्ट चालत चालत समजून घेता येते. अंतर फार नाही, मध्ये खरेदी आणि खाणं दोन्ही होतं.

सुरुवात शिवाजी रस्त्यावर, दगडूशेठ गणपतीच्या समोरून करा. मंदिराकडे फोन रोखून उभ्या असलेल्या गर्दीकडे पाठ केली की समोर भिडे वाड्याची जागा येते. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा इथे सुरू केली आणि सावित्रीबाई इथे शिकवायला येऊ लागल्या. पुढे वाड्याच्या तळाशी दुकानं आली, वर पडझड होत राहिली आणि स्मारकाचा प्रश्न कोर्टात वर्षानुवर्षं अडकला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये उरलेला वाडा पाडण्यात आला. शाळेची मूळ वास्तू आता नाही. हे लक्षात ठेवून दक्षिणेकडे चालू लागा.

बेलबाग चौकात लक्ष्मी रस्ता ओलांडला की उजव्या हाताला तुळशीबागेच्या गल्ल्या सुरू होतात. नाव ऐकून बाग शोधू नका. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे हे पुण्याचे सुभेदार होते. त्यांनी इथे राममंदिर बांधायला घेतलं, पानिपतच्या त्याच १७६१ सालाच्या सुमारास. मंदिराभोवती दुकानं वाढत गेली. आज कानातले, क्लिपा, बांगड्या, पितळेची निरांजनं, लाकडी पोळपाट, लहान मुलींची भातुकली असं सगळं खांद्याला खांदा लावून मांडलेलं असतं. दुकानदार भाव सांगतो, तुम्ही हसता, पुढे जाऊ लागता, तो हाक मारतो. हे सगळं ठरलेलं आहे आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. मंदिराच्या आवारात शिरलात तर मात्र आवाज एकदम खाली येतो. सागवानी खांबांचा सभामंडप जरूर बघा.

भूक लागली असेल तर गल्लीतच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. बसायला जागा कमी, बाहेर रांग, आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस तुमच्याआधी जादा रस्सा मागतो. घाम पुसत बाहेर पडलात की पाच मिनिटांत मंडईचा मनोरा दिसतो.

काळ्या दगडाची अष्टकोनी इमारत, मधोमध उंच मनोरा आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेल्या कौलारू पाकळ्या. आत गेलं की बाहेरच्या उन्हाचा पत्ता राहत नाही, कारण छप्पर उंच आणि वारा खेळता. उंच ओट्यांवर मांडी घालून बसलेल्या विक्रेत्यांच्या मागे तराजू, देवाचा फोटो आणि आजोबांचाही फोटो. कित्येक गाळे तीन-चार पिढ्या एकाच घरात आहेत. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ भाजीसाठी लांबून इथे येणारे पुणेकर अजून आहेत. सप्टेंबर २०२४ पासून तर भुयारी मेट्रोचं स्टेशनही मंडईच्या नावाने सुरू झालंय.

१८८६ साली ही इमारत सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. लॉर्ड रे हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा, डोक्यावर ऊन आणि पायाखाली चिखल. त्यामुळे पक्की मंडई हवी, हा विचार तसा गैर नव्हता.

जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पालिकेचे पैसे उधळायला १८८० साली त्यांनीच विरोध केला होता. मंडईच्या बाबतीतही त्यांचा मुद्दा पैशांचाच होता. एवढी मोठी रक्कम दगडी इमारतीत घालण्यापेक्षा ती गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडलं: सरकारचा महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग त्याच्या मुलांच्या प्राथमिक शाळेला त्यातलं काय मिळतं? पालिकेत ते हरले आणि मंडई झाली.

पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. १९२४ साली याच मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला, अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. लगेच पुढच्या वर्षी केशवराव जेधे यांनी फुलेंचाही पुतळा पुण्यात व्हावा असा ठराव नगरपालिकेत आणला. तो फेटाळला गेला. वाद इतका पेटला की दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघालं, त्यावर बदनामीचा खटला झाला आणि आरोपींच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या गावात फुलेंनी शाळा काढली, त्या गावाला १९२५ मध्ये त्यांचा पुतळा नको होता.

त्यानंतर पंधरा वर्षंही झाली नव्हती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पालिकेत निवडून आले आणि रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. हेच अत्रे पुढे ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढणार होते. गव्हर्नरचं नाव उतरवून तिथे फुलेंचं नाव लावण्यात त्या काळी धाडस होतं, हे मान्यच करायला हवं. पण गंमत पाहा. ज्या पैशांतून शाळा व्हायला हव्या होत्या, त्या पैशांच्या इमारतीला नाव मिळालं आणि खुद्द शाळेचा वाडा पुढची कित्येक दशकं कोसळत राहिला.

मग फुले चुकले होते का? मंडईतल्या थंडगार सावलीत उभं राहिलं की हा प्रश्न पडतोच. सव्वाशेहून जास्त वर्षं या छपराने हजारो घरं पोसली आहेत. मला वाटतं, फुलेंचा राग मंडईवर नव्हताच. सार्वजनिक पैशातून पहिलं काय बांधायचं आणि ते कुणी ठरवायचं, एवढंच ते विचारत होते. आपल्या शहरात उड्डाणपूल, सुशोभीकरण, नदीकाठच्या भिंती होत असताना महापालिकेची शाळा बंद पडते, तेव्हा तो प्रश्न जसाच्या तसा शिल्लक असतो.

पाय दुखत नसतील तर मंडईतून पूर्वेला गंज पेठेकडे वळा. त्या पेठेचं नावही आता महात्मा फुले पेठच आहे. लाकूड आणि भंगाराच्या दुकानांच्या रस्त्याने फुले वाड्यात पोचता. शांत अंगण, तुळस, साधी कौलारू घरं, आणि आवारात एक पाण्याचा हौद. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. त्याला मनोरा नाही, गव्हर्नरच्या नावाची पाटीही नव्हती. पहिलं काय बांधायचं या प्रश्नाचं त्यांचं स्वतःचं उत्तर असं होतं.