‘शीळ’ : एका प्रीतिगीताची जडणघडण

प्रीतिगीत हें कवीच्या एकांताचें अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. भाव एकांतांत उमलतो. परंतु त्या भावाचें गाणें व्हावयाचें, तर तें दुसऱ्याच्या कानांवर पडावें लागतें. कोठें शब्द अडखळला, कोठें श्वास अपुरा पडला, कोणत्या ओळीला ऐकणाऱ्याची मान डोलली, हें कवीला एकट्याला कळत नाहीं. तें सांगतो त्याचा स्नेही. मराठी प्रीतिगीताच्या इतिहासांत या स्नेह्याचा वांटा मोठा आहे. आणि बुलढाणा जिल्ह्याचें नांव त्या इतिहासाशीं कायमचें जोडलेलें आहे.

ही रीत जुनीच. पेशवाईच्या अखेरीस होनाजी शिलारखाने लावण्या रची आणि बाळा करंजकर त्या गाई. एक शब्दांचा धनी, दुसरा गळ्याचा. लोकांनीं दोघांचीं नांवें अशीं जोडलीं कीं, ‘होनाजी बाळा’ ही एकच व्यक्ति असावी, असें पुष्कळांस वाटतें. पुढें १९२३ मध्यें पुण्यास रविकिरण मंडळ निघालें. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी चहाच्या निमित्तानें एकत्र जमत, आपल्या कविता एकमेकांस ऐकवीत आणि त्यांवर मोकळेपणानें बोलत. कविता छापखान्यांत जाण्यापूर्वीं मित्रांच्या कानांवरून जाई. यशवंत व गिरीश यांनीं तर काव्यगायनानें कविता सभागृहांत नेली.

त्याच काळांत वऱ्हाडांत एक तरुण कवि घडत होता. नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म जिजाऊसाहेबांच्या जन्मग्रामीं, सिंदखेड राजा येथें, २१ ऑगस्ट १९०९ रोजीं झाला. पैनगंगेकांठचें मेहकर ही त्यांची कर्मभूमि; वकिली हा व्यवसाय. पुण्यासारखें मंडळ मेहकरास कोठून असणार? पण जात्यावरच्या ओव्या होत्या, शेतांतलीं गाणीं होतीं, रानांत गुरें राखणाऱ्यांची शीळ होती. पिढ्यान्‌पिढ्या अनेक कंठांतून घासून गुळगुळीत झालेली ही भाषा हीच या कवीची पाठशाळा.

‘शीळ’ ही कविता त्यांनीं पंचविशीच्या आंतच लिहिली. वेळ-अवेळ न पाहतां रानांतून शीळ घालणाऱ्या प्रियकरास एक तरुणी बोल लावते, एवढाच तिचा विषय. परंतु त्या लटक्या रागांत आर्जव आहे, भीति आहे आणि आनंदही आहे. पांडित्याचा शब्द एकही नाहीं. लय लोकगीताची आहे. अशी कविता नुसती डोळ्यांनीं वाचली, तर तिचें अर्धें सौंदर्य कागदावरच राहतें.

तें उरलेलें अर्धें गोविंदराव जोशी यांनीं उजेडांत आणलें. जी. एन. जोशी या नांवानें प्रसिद्ध असलेला हा गायकही १९०९ चाच. म्हणजे कवि व गायक अगदीं समवयस्क. जोशी यांनीं ‘शीळ’ला चाल दिली, ती स्वतः गायिली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. तेवढ्या अवकाशांत ताना-पलट्यांचा विस्तार करावा, तर शब्द हरवणार. शब्दांना जपावें, तर सुरांनीं मर्यादा पाळावयास हवी. जोशी यांनीं सुरांस शब्दांच्या सेवेस लाविलें. कोणता स्वर लांबवावा, कोठें क्षणभर थांबावें, धृवपद फिरून येतांना तें रुसव्यानें म्हणावें कीं ओढीनें, हें ठरविणें म्हणजे एका परीनें कवितेचें संस्करणच होय. नाट्यपदांहून निराळी अशी जी भावगीताची वाट पुढें रुळली, तिच्या आरंभींच्या खुणांत ‘शीळ’ची गणना होते.

आतां दुसरी बाजू पाहावी. ‘शीळ’ हा देशपांडे यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्यें. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधीं गाणें घराघरांत पोंचलें होतें. शिळेचा सूर ज्यांच्या ओठीं बसला, त्यांतल्या अनेकांना मेहकरच्या वकिलाचें नांव ठाऊक नव्हतें. होनाजीला बाळाच्या शेजारीं जी जागा लोकांनीं आपण होऊन दिली, ती या कवीच्या वांट्यास तशी आली नाहीं. तरीही ते मेहकर सोडून कीर्तीच्या पाठीमागें गेले नाहींत. १९६३ मध्यें ‘अभिसार’ आणि १९८५ मध्यें ‘खूणगाठी’ हे त्यांचे संग्रह निघाले; ‘खूणगाठी’ला १९८६ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक लाभलें. तेव्हां कवीचें वय ७७ वर्षांचें होतें. १० मे २००० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

गाण्याला एक जन्मदाता असतो आणि त्याला मोठें करणारे स्नेही असतात. त्यांपैकीं कोणाचाही विसर पडणें बरें नव्हे. नव्या कवीनें आपलें गीत छापण्यापूर्वीं मित्रास गाऊन दाखवावें, आणि श्रोत्यानें गाणें आवडलें म्हणजे गायकाबरोबर कवीचेंही नांव विचारावें.