पडदा उघडण्यापूर्वी

तिसरी घंटा वाजते, दिवे मंदावू लागतात, आणि तरीही मागच्या रांगांत खुर्च्या शोधण्याची लगबग चालूच असते. जगातील सर्व रंगभूमींना छळणारा हा क्षण. युरोपातील संगीतिकेने, म्हणजेच ऑपेराने, त्यावर जो उपाय योजला त्यातून ‘ओव्हर्चर’ हा संगीतप्रकार उदयास आला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘उघडणे’ एवढाच. दारात उभे राहून आत बोलावणारे हे वाद्यसंगीत पुढे घराहूनही मोठे कसे झाले आणि अखेर दारातून नाहीसेच का झाले, याची कथा रसिकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

१६०७ साली इटलीतील मांतुआ येथे माँटेव्हर्डीची ‘ऑर्फेओ’ ही संगीतिका सादर झाली. तिच्या आरंभी एक छोटी ‘तोकाता’ आहे आणि पडदा वर जाण्यापूर्वी ती सर्व वाद्यांनी तीनदा वाजवावी, अशी सूचना संहितेतच छापलेली आहे. ही सरळ सरळ ललकारी होय. पुढील कथानकाशी तिचा संबंध नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी ल्युलीने संथ, भारदस्त आरंभ आणि त्यानंतर द्रुत भाग अशी घडण रूढ केली. नेपल्समध्ये अलेस्सांद्रो स्कार्लात्तीने द्रुत, विलंबित आणि पुन्हा द्रुत अशी त्रिविध रचना स्थिर केली. पुढे ज्या सिंफनीने युरोपचे सभागृह जिंकले तिचे एक मूळ या इटालियन प्रस्तावनेत आहे. मात्र एका संगीतिकेची प्रस्तावना दुसरीला जोडली तरी त्या काळी कोणाला खटकत नसे.

या बेफिकिरीवर पहिला स्पष्ट आक्षेप ग्लुकने घेतला. ‘आल्चेस्ते’ या संगीतिकेची संहिता १७६९ साली छापली गेली. तिच्या अर्पणपत्रिकेत त्याने असा विचार मांडला की, पुढे घडणाऱ्या कथेच्या स्वरूपाची जाणीव प्रस्तावनेने प्रेक्षकांना करून द्यावी. मोझार्टने हा विचार अंगी बाणवला. १७८७ साली प्राग येथे प्रथम सादर झालेल्या ‘डॉन जोव्हान्नी’च्या आरंभीचे काळजाचा ठोका चुकविणारे गंभीर स्वरसमूह अखेरीस दगडी पुतळा भोजनास येतो तेव्हा पुन्हा ऐकू येतात. कथेचा शेवट असा आरंभीच कानांवर पडून जातो. पण त्याचा अर्थ श्रोत्याला तीन तासांनी कळतो.

सर्वांनीच हे पथ्य पाळले असे मात्र नाही. रोसिनीची ‘सेव्हिलचा न्हावी’ (१८१६) ही संगीतिका विनोदी. तिची आज जगप्रसिद्ध असलेली प्रस्तावना ऐकताना न्हाव्याच्या कात्रीची चुळबुळ जाणवल्याचा भास अनेकांना होतो. वस्तुतः हीच प्रस्तावना १८१३ साली रोमन सम्राट ऑरेलियनवरील गंभीर संगीतिकेला आणि १८१५ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीवरील संगीतिकेला जोडून झाली होती! श्रोत्याचे मन किती सोशिक असते याचा याहून गमतीदार दाखला क्वचितच सापडेल.

परंतु या प्रकारातील खरा पेच उभा राहिला तो बेथोव्हेनपुढे. त्याने आयुष्यात एकच संगीतिका लिहिली, ‘फिदेलिओ’. आणि तिच्यासाठी प्रस्तावना लिहिल्या चार. अन्यायाने अंधारकोठडीत डांबलेल्या फ्लोरेस्तानला सोडविण्यासाठी त्याची पत्नी लिओनोरे पुरुषवेषाने तुरुंगात चाकरीस राहते, अशी ही कथा आहे. २० नोव्हेंबर १८०५ रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. नेपोलियनच्या सैन्याने आठवडाभरापूर्वीच शहर घेतले होते. थिएटरात बसले होते ते बहुतांशी फ्रेंच अधिकारी. तीन प्रयोगांनंतर संगीतिका बंद पडली. १८०६ च्या सुधारित प्रयोगासाठी बेथोव्हेनने नवी प्रस्तावना रचली. तीच आज ‘लिओनोरे क्रमांक ३’ म्हणून ओळखली जाते.

ही रचना ऐकली म्हणजे पेच ध्यानात येतो. फ्लोरेस्तानच्या कोठडीतील गीताची सुरावट तिच्या आरंभीच येते. मग संघर्ष पेटतो. तो ऐन शिगेला पोहोचला असता रंगमंचामागून तुतारी वाजते. सुटकेची वार्ता आणणारा मंत्री आल्याची ती खूण. ती पुन्हा एकदा, अधिक जवळून ऐकू येते आणि मग आनंदाचा लोंढा सुटतो. आता पडदा उघडून दाखवायचे ते काय उरले? कारण पडद्यामागे पहिल्या प्रवेशात आहे ती तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची घरगुती कुरबूर! एवढ्या वादळानंतर ती ऐकताना कोणाचाही विरस व्हावा. माझ्या मते बेथोव्हेनचा मोठेपणा हा की, आपल्या सर्वोत्कृष्ट रचनांपैकी एक त्याने नाटकासाठी बाजूला ठेवली. १८१४ च्या पुनरुज्जीवनासाठी त्याने एक आटोपशीर, उत्साही प्रस्तावना लिहिली. २३ मे च्या पहिल्या प्रयोगास ती वेळेत तयार झाली नाही. ती दुसऱ्या प्रयोगास वाजली आणि आजही ‘फिदेलिओ’ तिनेच सुरू होते.

आपल्या भरतमुनींनाही ही अडचण ठाऊक होती. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचा विस्तृत विधी आहे. त्यातील पहिली नऊ अंगे पडद्याआड, वाद्यांच्या जुळवाजुळवीसह व्हावयाची. पण त्यातील गीत, वाद्य आणि नृत्य यांचा अतिरेक झाला तर नट आणि प्रेक्षक दोघेही शिणतात व पुढे रस नीट प्रकट होत नाही, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. आपल्या संगीत नाटकातली नांदी आटोपशीर राहिली हे या दृष्टीने सुदैवच. अर्थात नांदी ही शब्दांनी केलेली प्रार्थना, ओव्हर्चर निःशब्द. दोहोंचे नाते केवळ उंबरठ्यापुरते.

‘लिओनोरे ३’ मैफलीत गेली आणि तेथेच रमली. १८२६ साली सतरा वर्षांच्या मेंडेल्सननेही शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’वर प्रस्तावना रचली, तीही कोणत्याही प्रयोगासाठी नव्हे. तिच्यात पऱ्यांची कुजबूज आहे आणि गाढवाचे ओरडणेही. त्या नाटकाचे उर्वरित संगीत त्याने लिहिले ते तब्बल सोळा वर्षांनी! अशा रीतीने नाटकाविना प्रस्तावना हा प्रकार रूढ झाला. चायकोव्हस्कीची तोफांसह वाजणारी ‘१८१२’ (पहिला प्रयोग १८८२) याच कुळातली.

इकडे संगीतिकेत मात्र तिची गरज सरत चालली होती. १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरने प्रेक्षागृह अंधारले, वादकांना दृष्टीआड खड्ड्यात बसविले. ‘ऱ्हाइनगोल्ड’चे प्रास्ताविक एकाच स्वरमेळावर १३६ मात्राखंड तरंगत राहते आणि न थांबता पहिल्या प्रवेशात विरघळते. १८८७ च्या ‘ओथेल्लो’त व्हेर्दीने तेवढेही ठेवले नाही, पहिल्या स्वरालाच समुद्रावर वादळ कोसळते. काळोखात निमूट बसायला शिकलेल्या प्रेक्षकाला ललकारीची आवश्यकता उरली नव्हती.

चित्रपटाने ती पुन्हा उचलली, ती प्रतिष्ठेपोटी. राखीव आसने, छापील पुस्तिका आणि मध्यंतर अशा थाटात दाखविल्या जाणाऱ्या भव्य चित्रपटांना ओव्हर्चर जोडले जाई. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) याचे ठळक उदाहरण. ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) ते चालू असता पडद्यावर उभ्या रेघा आणि पालटते रंग दिसतात, शेवटी त्या रेघांतून न्यूयॉर्क प्रकटते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त (१९६२) मोरिस झारचे संगीत चार मिनिटांहून अधिक काळ कोऱ्या काळ्या पडद्यावर चालते. अधिक खेळ बसविण्याच्या घाईत हे भाग पुढे सर्रास कापले गेले, दूरदर्शन संचावर तर हमखास. २०१५ साली ‘द हेटफुल एट’साठी एन्नियो मोर्रिकोनेने ओव्हर्चर लिहिले, तेही ७० मिलिमीटरच्या खास खेळांपुरते. जुने चित्रपट घरी पाहण्याच्या तबकड्यांवर आले तेव्हा कापलेली प्रास्ताविके पुष्कळदा परत जोडली गेली. आणि यंत्र बिघडले असे वाटू नये म्हणून कित्येकदा पडद्यावर ‘ओव्हर्चर’ ही अक्षरे तेवढी ठेवावी लागली.