पॉकेटचं माप

जुन्या स्नूकर टेबलाची पॉकेट्स दुरुस्त करण्यात इतिहास तो कसला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण जबलपूरच्या एका जुन्या क्लबात हे काम मी दोन दिवस बसून पाहिलं, आणि तेव्हापासून माझं मत बदललं आहे.

स्नूकरचा जन्मच जबलपूरचा. १८७५ साली तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ तयार झाला. त्याचे नियम पुढे उटीच्या क्लबात लेखी झाले. मी पाहिलेलं टेबल काही त्या मेसमधलं नव्हतं, पण जुनं होतं. एका पॉकेटची जाळी इतकी कुजली होती की आत गेलेला चेंडू थेट फरशीवर आदळायचा. समितीने ठरवलं, दुरुस्ती करतोच आहोत तर पॉकेट्स सुधारूनही घेऊ. सुधारायची म्हणजे तोंडं आवळायची, स्पर्धेच्या टेबलासारखी. तरुण सभासदांचा तसा आग्रहच होता.

मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी आधी मला पॉकेट उलगडून दाखवलं. टेबलाचा तळ पाच दगडी लाद्यांचा, स्लेटचा. पॉकेटपाशी ती स्लेट अर्धगोल कापून तिची कड गोलसर घासलेली असते, म्हणजे चेंडू अडखळत नाही, घरंगळत आत जातो. भोवती लोखंडी कमान, कमानीवर शिवलेलं चामडं, खाली दोऱ्याची जाळी. दोन्ही बाजूंना कुशनच्या रबराची टोकं, म्हणजे पॉकेटचे जबडे. स्नूकरमध्ये हे जबडे गोलाई देऊन कापतात, शिवाय खालच्या अंगाला थोडे तिरके उतरवतात.

या टेबलाचं चामडं इतक्या उन्हाळ्यांत वाळून लाकडासारखं टणक झालं होतं. जोरात आलेला चेंडू त्यावर आपटून परत बाहेर यायचा. मागे कधीतरी कुणी जुन्या कापडावरच नवं कापड चढवलं होतं, त्यामुळे जबड्यांपाशी फुगवटा आला होता.

मिस्त्री म्हणाले, “जाळी नवी विणता येते. चामडं बदलता येतं. रबर मात्र एकदा जास्त कापलं की ते टाकूनच द्यायचं. तेव्हा आधी फर्मा आणा, मग कात्री.”

फर्मा आला. वरचं कापड काढलं, फुगवटा गेला, आणि फर्मा जबड्यांत बसवला. तो सैल पडला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतली पॉकेट्स मापापेक्षा मोठी निघाली. पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत रबर मागे कापलं गेलं होतं.

खोलीत एकदम शांतता झाली. कारण समोरच्या भिंतीवर क्लबातल्या मोठ्या ब्रेकचा फलक होता. त्यावर पहिलं नाव एका ज्येष्ठ सभासदांचं, तरुणपणी याच टेबलावर केलेल्या शतकासाठी. आणि ते गृहस्थ तिथेच खुर्चीत बसले होते.

ही शांतता समजायला थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडमध्ये बिलियर्ड्सचे व्यावसायिक खेळाडू एका ठरावीक बिंदूवरचा लाल चेंडू वरच्या कोपऱ्यांत पुन्हापुन्हा मारून गुण उपसायचे. त्याला आळा घालायला १८७० साली अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी खास टेबल बनवलं. त्याची पॉकेट्स फक्त ३ इंचांची. ती युक्ती आटोक्यात आली, पण रोजचे आणि प्रदर्शनाचे सामने नेहमीच्याच टेबलांवर चालू राहिले. एकाच खेळाला दोन मापं झाली. १८८५ साली बिलियर्ड्स असोसिएशन स्थापन झाली आणि १८९२ मध्ये तिने फर्मे ठरवून ३ ५/८ इंचांचं प्रमाण लावलं. फर्मा आला तो असा, भांडण मिटवायला.

पुढची गोष्ट १९७९ सालची. इंग्लंडमधल्या स्लॉ इथे जॉन स्पेन्सरने स्पर्धेच्या सामन्यात १४७ चा ब्रेक केला. एका डावात सहसा यापेक्षा जास्त होत नाही. तरीही अधिकृत नोंदीत तो धरला गेला नाही, कारण त्या टेबलाची पॉकेट्स प्रमाण मापाची नव्हती. तीन वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, ओल्डहॅमला स्टीव्ह डेव्हिसने १४७ केले आणि स्पर्धेतला पहिला अधिकृत १४७ म्हणून ते नोंदले गेले. समोर खुर्चीत बसून पाहणारा प्रतिस्पर्धी कोण होता? जॉन स्पेन्सरच.

आता तुम्हाला त्या खोलीतली शांतता कळेल. सेक्रेटरी हळूच म्हणाले, फर्म्याचं कशाला कुणाला सांगायचं? नवं रबर बसवू आणि विषय संपवू. खरं सांगतो, मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. कागदपत्रांतल्या खाडाखोडीवर लोकांना उपदेश करणारा मी, पण समोर म्हातारा माणूस बसलेला असला की जीभ रेटत नाही.

बोलले तेच. “मिस्त्री, जुनं रबर काढायच्या आधी त्याचा आकार कागदावर उतरवून घ्या. सहाही पॉकेट्सचा. आणि तो कागद फलकाशेजारी लावा. मी खेळलो ते या तोंडांवर. खोटं खेळलो नाही, पण सोपं होतं, हे पोरांना कळू दे.”

मग काम झालं. नवं चामडं, नव्या जाळ्या, स्लेटची कड तशीच ठेवून फक्त साफ केली. नवं रबर फर्म्याने कापलं. त्या ज्येष्ठांनी पहिला चेंडू मारला, तो जबड्यांत खडखडून बाहेर आला. ते मनापासून हसले.

दुरुस्ती करताना वस्तू पूर्वी कशी होती याचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसत असतो. सुधारणा करू नये असं मी म्हणत नाही. टेबल खेळायला असतं. पण कात्री लावण्याआधी आकार उतरवून घ्यावा, मग ते टेबल असो, वाडा असो की घरातली जुनी पेटी. एवढा एक कागद पुरतो.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.