खतावणीतल्या नावाचा शोध

जमाखर्चात रक्कम लिहिणे सोपे. ती कोणाच्या नावावर टाकायची हे ठरवून त्या नावाचे पान गाठणे, हे खरे काम. आपल्याकडे दिवसाची नोंद आधी रोजकीर्दीत होते आणि मग ती खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. दोन वह्यांमधल्या या एवढ्याशा प्रवासात पुष्कळ चुका होतात, हे कोणताही जुना कारकून सांगेल.

आता वही संगणकात गेली आहे. संस्थेची पाचपन्नास कामे चालू असतात आणि प्रत्येक खर्चाला ‘हा अमुक प्रकल्पाचा’ अशी खूण, म्हणजे टॅग, लावावा लागतो. दोन अक्षरे टाइप केली की संगणक पुढचे नाव आपण होऊन सुचवतो. ही सोय कालपरवाची वाटते. पण वाचकहो, तिची वंशावळ पाचशे वर्षांमागे जाते.

१४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातील एका प्रकरणात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत आहे. खतावणीबरोबर अक्षरवार सूची ठेवावी, तीत प्रत्येक खातेदाराचे नाव आद्याक्षराखाली लिहावे आणि पुढे पानाचा आकडा द्यावा, असे तो सांगतो. बघा, आद्याक्षर द्या आणि पान मिळवा! संगणकाच्या सूचनेचे बीज इथे आहे.

पण नाव एकच आणि लिहिण्याच्या तऱ्हा दोन असल्या तर? या अडचणीवर अमेरिकेतील रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये एका सूचीपद्धतीचे पेटंट घेतले. पुढे ‘साउंडेक्स’ म्हणून प्रसिद्ध झालेली रीत तीच. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. मग स्मिथ ‘आय’ने लिहा नाही तर ‘वाय’ने, दोघांचा सांकेतिक क्रमांक ‘एस ५३०’च. ही काही नुसती गंमत नव्हती. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि वृद्धांना निवृत्तिवेतनासाठी वयाचा दाखला हवा झाला. जन्माची नोंद पुष्कळांजवळ नव्हती. तेव्हा १८८० च्या खानेसुमारीतील, दहा वर्षे वा त्याखालची मुले असलेल्या घरांची सूची याच रीतीने कार्डांवर करण्यात आली. नाव सापडले तर वेतन, नाही तर हेलपाटे.

आपल्या नावांना मात्र ही रीत पुरी पडत नाही. वडगावच्या विहिरीचे काम घ्या. रोमन लिपीत एक कारकून वडगाव ‘व्ही’ने लिहितो, दुसरा ‘डब्ल्यू’ने. साउंडेक्स पहिले अक्षर सोडायला तयार नाही, म्हणून एक वडगाव ‘व्ही ३२५’ आणि दुसरे ‘डब्ल्यू ३२५’. झाले! एका विहिरीची दोन खाती, आणि मंजूर रकमेतले किती उरले याचे उत्तर दोन्हींकडे खोटे.

१९६० च्या सुमारास दोन शोध लागले. द ला ब्रियांदे यांनी १९५९ मध्ये आणि एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये शब्द झाडासारखे साठवण्याची युक्ती मांडली. एकेका अक्षरागणिक एकेक फांदी. ‘वि’पर्यंत चढलात की त्यापुढची सारी पाने तुमच्या हाती. पण ‘दुरुस्ती’ हा शब्द नावाच्या मध्ये असेल, तर फक्त सुरुवातीपासून चढणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून नावातला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे झाडावर टांगावा लागतो. दुसरा शोध फ्रेडरिक डॅमेराउ यांचा, १९६४ चा. त्यांनी दाखवले की लेखनाच्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर जास्त, एक कमी, एकाच्या जागी दुसरे, किंवा शेजारची दोन उलटसुलट. एवढे चार प्रकार माफ केले तरी कारकुनाचे अर्धे डोके वाचते.

इथपर्यंत सारे ठीक. २००४ मध्ये गूगलने शोधाच्या चौकटीत सूचना दाखवायला सुरुवात केली आणि बहुतेकांना जे हवे ते आधी दाखवण्याची सवय जगाला लागली. हिशेबात हीच सवय घातक, असे माझे स्पष्ट मत आहे. जो प्रकल्प यादीत वर, तोच घाईत निवडला जातो. निवडला जातो म्हणून त्याची गणती वाढते, आणि गणती वाढते म्हणून तो वरच राहतो. मोठ्या प्रकल्पाच्या पोटात लहानांचे खर्च असे गुपचूप शिरतात. त्यापेक्षा बिल कोणाचे, माल कोणता, त्या दुकानदाराचे मागचे बिल कुठे पडले, हे पाहून क्रम लावावा.

आणखी एक गोष्ट वहीबरोबर हरवली. सूचीवरून पान काढले की त्या पानावरच्या मागच्या नोंदी आपोआप नजरेस पडत. विहिरीच्या खात्यावर सिमेंट, पाइप, मजुरी दिसे. तिथे शाळेच्या बाकांची रक्कम टाकायला गेलेला हात थबके. आजच्या यादीत नुसते नाव दिसते, पान दिसत नाही. ते थोडेसे परत आणता येईल. सुचवलेल्या प्रत्येक नावासमोर शेवटच्या नोंदीची तारीख, रक्कम आणि दुकानदार दाखवावा, बस्स. नाव एकच उरले तरी यंत्राने ते परस्पर भरू नये. बोट कारकुनाचेच हवे. आणि संपलेली कामे यादीतून अजिबात पुसू नयेत. ‘बंद’ असा शेरा मारून ती खाली ठेवावीत, कारण काम मार्चमध्ये संपले तरी पाइपवाल्याचे राहिलेले बिल जूनमध्ये येतेच.