नजरगहाण

मोशी, चिखली, चाकण. इथल्या नव्या इमारतींत लातूर, बेळगाव, थेट दुबईत राहणारी मराठी माणसंही फ्लॅट घेतात. राहायला नव्हे, एमआयडीसीतल्या नोकरदारांना भाड्यानं द्यायला, पैसा बँकेचा. या व्यवहाराला चपखल बसणारा जुना मराठी शब्द आहे, नजरगहाण. तो बोलण्यातून मागे पडला याची मला हळहळ वाटते.

'गहाण' म्हणजे संस्कृत 'ग्रहण', प्राकृत 'गहण': धरून ठेवणं. त्याला 'कब्जा' आणि 'नजर' हे अरबी शब्द फारसीमार्गे येऊन जुळले आणि दोन निराळे व्यवहार उभे राहिले. कब्जेगहाणात सावकार शेत ताब्यात घेई आणि व्याजापोटी पीक खाई. घर असेल तर भाडं. नजरगहाणात वस्तू मालकाकडेच, धनकोचा फक्त डोळा तिच्यावर. आजचं गृहकर्ज या दुसऱ्या जातीचं. चाकणचा शेतकरी सातबाऱ्यावरच्या 'बोजा'बद्दल बोलतो, तोही हाच डोळा.

परगावच्या मालकाचं मात्र विचित्र होतं. ताबा भाडेकरूकडे, नजर बँकेची, आणि त्याच्या वाट्याला हप्ता. फारसी 'हफ्त' म्हणजे सात, 'हफ्ता' म्हणजे आठवडा. आपला हप्ता महिन्याचा झाला आणि वीस वर्षांत २४० वेळा येऊ लागला. ४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी तो सुमारे ३४,७०० रुपये बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३०० नुसतं व्याज. भाडं तेवढंही येत नसेल, तर मालक दरमहा पदरचे पैसे घालून किंमत वाढण्याची वाट पाहतो. ही गुंतवणूक भाड्याची राहत नाही, हे त्याला आधीच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

'भाडं' संस्कृत 'भाटका'तून आलं. चाकण चौकातला टेम्पोवाला 'भाडं मिळालं' म्हणतो तेव्हा त्याला फेरी मिळालेली असते, आणि फेरी रोज मिळतेच असं नाही. खोलीच्या भाड्याचंही तसंच, कारण ते कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. २०२० च्या टाळेबंदीत कामगार गावी निघाले, खोल्या ओस पडल्या. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबणीवर टाकायची मुभा दिली; व्याज त्या सहाही महिन्यांत चढतच राहिलं.